डाव्या हाताची लाईन

लाईन एक पडली, आपोआप बंद झाली. आमच्या सबस्टेशनच्या रिलेने बिघाडाचं अंतर सांगितलं, पलीकडच्या सबस्टेशनने त्यांचं, आणि दोन्ही आकडे टेकडीवरच्या एकाच टॉवरपाशी येऊन भेटले. दुरुस्तीसाठी टॉवरखाली पोचलेल्या यांना फोनवर मीच म्हणाले, "डाव्या हाताची लाईन. बंद करून दिलीय."

"इन्सुलेटरची चकती फुटली असणार, खालून दिसत नाही," हे म्हणाले. "चढतो."

हे चढले की उतरेपर्यंत मनातलं नाम थांबवायचं नाही, हा माझा नेम. तेवढ्यात पलीकडचा ऑपरेटर फोनवर आला. त्याला सगळे भोंगाच म्हणतात.

"ताई, साहेबांना चहा पाजून पाठवलंय हं! पूल बंद, म्हणून आमच्याकडूनच गेले."

माझं नाम तुटलं.

एका टॉवरवर दोन लाईनी. आमची माणसं नेहमी इथूनच निघतात, म्हणून डावी ती एक, उजवी ती दोन, असं बोलायची सवय. पाट्या तर केव्हाच गंजून गेल्यात. आणि आज हे पलीकडून, माझ्याकडे तोंड करून उभे. त्यांच्या डाव्या हाताला लाईन दोन होती. जिवंत.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. चढताना तो जीपमध्येच राहतो.

"भाऊ, दोन नंबर पाडा. आत्ता!"

"अहो ताई, सगळं शहर तिच्यावर उभंय. वरून परवानगी? हॉस्पिटल आहे..."

"त्यांच्याकडे जनरेटर आहे. माझ्याकडे नवरा एकच आहे. मी इकडून पाडतेय, पण तुम्ही नाही पाडलीत तर तिकडून ती जिवंतच राहील."

फोनवर खटका फिरल्याचा आवाज आला. मग भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "पाडली."

मी खटका फिरवला. बाहेर यार्डात धाडकन आवाज झाला. दिवे गेले. वरच्या ऑफिसचा फोन कोकलू लागला. मी हात लावला नाही. डोळे दोन नंबरच्या रिलेवर खिळले होते. तिथे बिघाडाचा नवा आकडा उमटला, तर लाईन पाडायला उशीर झाला, आणि तो आकडा यांच्या अंगावरूनच आलेला असणार. नाम आठवेना. रोजचं, जन्माचं नाम, आणि ओठांवर येईना.

मोबाईल वाजला.

"अगं, दोन नंबर कशाला पाडलीस?" हे वैतागले होते. "अर्थिंगची काठी तारेला लावायला उचलली होती मी. तार भुणभुणत होती, म्हटलं शेजारच्या लाईनमुळे असेल, नेहमीसारखी. तर एकदम चिडीचूप. तसाच खाली आलो."

"काठी कुठल्या हाताच्या तारेला लावत होता?"

"डाव्या. तूच तर सांगितलंस."

"आणि तोंड कुठे होतं तुमचं?"

"तुझ्याकडे. म्हणजे डावी ती..." हे म्हणाले. मग यांचा श्वास ऐकू आला, आणि मी तोच ऐकत बसले.