सत्काराआधीची फवारणी

माझ्या खोलीत शिरताना लोक नाकाला रुमाल लावतात. लावू देत. शिळी कलेजी खाणाऱ्या अळ्या आणि त्यांच्या आया-आज्या, म्हणजे हिरव्या चकचकीत माश्या, मी इथे सात वर्षं जाळीच्या पिंजऱ्यांत पाळते आहे. वास येणारच. मला त्या अळ्यांची किळस कधी आली नाही. चिघळलेल्या जखमेवर सोडल्या की त्या फक्त सडलेलं मांस खातात, जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. माणसांबद्दल एवढी खात्री मी देणार नाही.

ह्याच माश्यांनी मला परदेशी विद्यापीठाचं बोलावणं आणलं. तिथल्या एक प्राध्यापक बाई न भरणाऱ्या जखमांवर काम करतात. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ वाढवलेला एकच वंश हवा होता आणि तो माझ्याकडे होता. वर्षभर पाहुणी संशोधक म्हणून जायचं आणि सोबत कोश न्यायचे. कोश म्हणजे अळीची माशी होण्याआधीची अवस्था, तांबड्या दाण्यासारखी. थंड ठेवली की प्रवास सोसते.

घरात तयारीला ऊत आला. नवऱ्याने तर दूरच्या चुलत आत्यालाही फोन करून कळवलं. धाकटे दीर येताजाता विचारायचे, “वहिनी, माश्या मारायला आता परदेशात का?” आणि स्वतःच हसायचे. नणंदबाईंनी माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, अळ्यांचे हात म्हणून. त्यांना आता माझ्या हातून तिकडचं अत्तर हवं होतं. सगळं सुरळीत चाललं की माशी शिंकते म्हणतात, पण आम्हाला तीही भीती नव्हती, माश्या घरच्याच होत्या.

विभागात निराळीच गंमत. आमच्या विभागप्रमुखांनी इतक्या वर्षांत माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलावणं आलं तेव्हापासून मात्र ते “आमच्या माश्या” म्हणू लागले. त्यांनी माझा सत्कार ठरवला. संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते आणि त्यांना प्रयोगशाळाही दाखवायची होती. आदल्या दिवशी मी बॅग भरायला लवकर घरी गेले.

सत्काराच्या दिवशी सकाळी कोश थंड पेटीत भरायला आले तर दाराला नवा रंग. “येथे फवारणी करू नये” ही माझी पाटी काढलेली. आत माझा नेहमीचा वास नव्हता, काहीतरी गोडसर, घशाला चिकटणारं होतं. पिंजऱ्यांच्या तळाशी माश्या उताण्या पडल्या होत्या. काहींचे पाय अजून हलत होते. अळ्यांचे ट्रे ओलेचिंब. कोशांच्या डब्याला हवा लागावी म्हणून मीच भोकं पाडली होती. औषध तिथूनच शिरलं होतं. आता त्यातून काही निघालं असतं तरी जगलं नसतं.

विभागप्रमुखांनी शांतपणे सांगितलं की पाहुण्यांना माश्यांचा त्रास नको म्हणून त्यांनीच सगळ्या मजल्यावर फवारणी करायला सांगितलं होतं. माझी खोली वगळायला हवी हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माश्यांचा सत्कार करायचा म्हणून माश्या मारल्या, हे त्यांना वावगं वाटलं नव्हतं.

“अहो, कँटीनच्या मागे ढिगाने आहेत,” ते म्हणाले. “त्यातल्या धरा. माशी ती माशी.”

मी सांगितलं की त्या माश्यांच्या अळ्या सडलेल्या मांसावर थांबतील याचा भरवसा नाही, त्या जिवंत मांसातही शिरतील. तिकडे कुणाचा तरी चिघळलेला पाय असेल त्यांच्याखाली. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, पायाचंही.

“पण आपण सगळ्यांना सांगून बसलोय गं,” तो म्हणाला. “तिकडे कोण ओळखणार आहे?”

ह्या माणसाशेजारी मी रोज जेवायला बसते. मला त्याची किळस आली. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर कँटीनची मागची बाजू माझ्याही डोळ्यांसमोर आली. त्या क्षणाची किळस सगळ्यांत जास्त.

तिथेच पायरीवर बसून मी तिकडच्या प्राध्यापक बाईंना खरं ते कळवलं. दुपारच्या आत उत्तर आलं. हा वंश नसेल तर वर्षभराचं काम उभंच राहत नाही, तेव्हा बोलावणं नाइलाजाने मागे घेत आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभारही मानले होते. ते विभागप्रमुखांना दाखवलं तर म्हणाले, पाहुणे निघालेत, पुष्पगुच्छ आणलाय, सत्कार तेवढा होऊन जाऊ दे.

झाला. अध्यक्षांनी गुच्छ दिला. विभागप्रमुखांनी माइकवरून सांगितलं की आमच्या माश्या आता सातासमुद्रापार जाणार. मग मला दोन शब्द बोलायला लावलं.

“मी कुठेही जात नाहीये,” मी म्हणाले. “ज्या माश्यांसाठी हा सत्कार आहे त्या काल मारल्या. का मारल्या, तर सत्काराला माश्यांचा त्रास नको म्हणून.”

सभागृह खदखदून हसलं. माझा विनोद आवडून लोकांनी टाळ्या वाजवल्या, विभागप्रमुखांनीही वाजवल्या. मी परत एकदा, सावकाश तेच सांगितलं. दुसऱ्यांदा जास्तच हसले.

खाली बसले तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे झुकले. हसत नव्हता तो एकटाच माणूस, म्हणून मला वाटलं, निदान ह्यांना तरी कळलं.

“बाई, औषध कुठलं मारलं?” त्यांनी हळूच विचारलं. “आमच्याकडे फार माश्या झाल्यात.”

मी त्यांना नाव सांगितलं, पाण्यात किती मिसळायचं तेही सांगितलं. औषध चांगलंच आहे म्हटलं, आमच्याकडे एकही उरली नाही.