पाणी निवायच्या आत

आमच्या वस्तीत एखादी बाई गेली की डॉक्टरच्या पाठोपाठ आईला निरोप जायचा. प्रार्थनाघराच्या मागे एक फरशीची खोली आहे. तिथे ती गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायची. हे काम तिच्या गळ्यात कुणी मारलं नव्हतं आणि त्याबद्दल ती त्या घरचा चहासुद्धा घ्यायची नाही.

तिची पद्धत मात्र जगावेगळी होती. पाणी घालता घालता ती त्या बाईला तिचंच आयुष्य सांगायची. जन्मापासून, अगदी सावकाश. माणूस एवढं सगळं करून निघालंय, तर काय काय केलं ते एकदा त्याच्या कानावर घालून पाठवावं, असं तिचं म्हणणं. खोटं बोलायचं नाही, कारण गेलेल्याला ते खोडून काढता येत नाही. पाणी निवायच्या आत संपवायचं, कारण गारठ्यात कुणाला ताटकळत ठेवू नये. आणि खोलीतलं बोलणं खोलीतच राहिलं पाहिजे.

लहानपणी मी टॉवेल घेऊन दाराबाहेर बसायची, तेव्हा एखादा तुकडा कानावर पडायचाच. शाळेच्या मोठ्या बाई गेल्या तेव्हा आई त्यांना शांतपणे सांगत होती, की तुम्ही मुलांना फार मारलंत, पण पाढे पक्के करून घेतलेत. एका शिंपिणीला तर तिने कबूल केलं, की शेजारणीची शिडी तू परत दिली नाहीस, ती आता मी पोचवते. संध्याकाळी खरोखरच आई शिडी खांद्यावर टाकून रस्त्याने निघाली होती. मी लाजेने अर्धी झाले होते.

गेल्या आठवड्यात आई गेली. नव्वदी ओलांडून, झोपेत, कुणाला तसदी न देता. सकाळी तिला त्याच फरशीवर आणलं. वहिनीने हंडा तापवला, तांब्या घेतला आणि माझ्याकडे बघितलं. दाराशी जमलेल्या बायांनीही बघितलं. आईला तिचं आयुष्य आता कोण सांगणार, तर थोरली लेक.

मला रडू वगैरे आलं नाही, सरळ सांगायचं तर राग आला. मला तिचं आयुष्य माहीत होतं कुठे? दिवसभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, संध्याकाळी प्रार्थनाघर झाडायची, आणि मधेच कुणी गेलं की गेलीच. घरी आली तरी बोलायची कमी. आमची समोरासमोर भेट व्हायची ती मोठ्या चादरींची घडी घालताना. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती चालत जवळ यायची, तिची टोकं माझ्या हातात द्यायची आणि पुन्हा लांब जायची.

आणि माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. बस स्टँडवर कुणी अनोळखी बाई मरून पडली होती, तिला आंघोळ घालायला गेली. जिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं अशा बाईसाठी! माझी वेणी काकूने घातली, ती इतकी आवळून की लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझ्या भुवया कपाळावर चढलेल्या आहेत. लोकांना वाटतं, नवरा बघून मी चकित झाले. नातवंडं अजून हसतात. मी हसत नाही.

तरी सुरुवात केली. "आई, तू धुलाईघरात काम केलंस. आम्हा तिघांना वाढवलंस. बाबा लवकर गेले." वहिनी पाणी घालत होती. एवढ्यातच माझं संपलं. पाणी अजून वाफाळत होतं आणि आईचं नव्वद वर्षांचं आयुष्य माझ्याकडून तीन वाक्यांत आटोपलं होतं. मला तिची भयंकर कीव आली. हिने सगळ्यांना भरल्या कानांनी पाठवलं आणि आता स्वतः रिकामी चालली होती. खोटं तर बोलायचं नव्हतं, म्हणून जे खरं उरलं होतं ते बोलले.

"माझ्या लग्नाच्या सकाळी तू आली नाहीस. ते मी विसरले नाही."

वहिनीचा तांब्या थांबला. बाया खाली बघू लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "तिथून पुढे मी सांगू का?"

गप्पमावशी बोलली होती. आईच्या हाताखाली या खोलीत पाणी भरणारी ही बाई. इथे एकानेच बोलायचं, म्हणून ती आयुष्यभर गप्प राहिली आणि तेच तिचं नाव पडलं. तिचा आवाज असा जाडाभरडा आहे हे निम्म्या बायांना त्या दिवशी कळलं.

ती पुढे आली, आईच्या डोक्याशी बसली आणि माझ्याशी नाही, आईशी बोलू लागली. त्या अनोळखी बाईबद्दल तुला काहीच माहीत नव्हतं, ती म्हणाली. गाव नाही, घर नाही. सांगणार काय? तू बराच वेळ नुसती तांब्या धरून बसलीस. मग म्हणालीस, हिला रिकामं कसं पाठवू, हिला माझंच सांगते. आणि तू तुझं सगळं आयुष्य त्या बाईला सांगितलंस. ते मी ऐकलं. खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, म्हणून नेलं नाही. आज आपण खोलीतच आहोत.

मग तिने आईला आईचं आयुष्य सांगितलं.

आईची आई बाळंतपणात गेली. आई तेव्हा लहान पोर, तिला शेजारी पाठवून मोठ्यांनी सगळं घाईघाईत, न बोलता उरकलं, आणि तिला वाटत राहिलं की आपल्या आईला कुणी काही सांगितलंच नसेल. धुलाईघरात पहिल्याच दिवशी तिने इस्त्रीने मोठ्या डॉक्टरांचा कोट जाळला आणि ती कपाटामागे जाऊन हसली. बाबा ट्रक चालवायचे. वळणावर आले की घरी ऐकू जाईल असा हॉर्न द्यायचे. ते गेल्यावर वर्षभर ती देवाशी बोलली नाही, पण प्रार्थनाघर झाडत राहिली. भांडण देवाशी होतं, फरशीशी नव्हतं, असं ती त्या बाईला म्हणाली होती. दाराशी कुणीतरी हुंदका देतादेताच हसलं.

"आणि एकदा तू मुलांना टाकून निघालीस," गप्पमावशी त्याच आवाजात म्हणाली. "बसमध्ये बसलीस. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पण पुढच्या थांब्याला उतरलीस, कारण थोरलीची वेणी घालायची राहिली होती."

मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. माझी आई, जिला मी दगड समजत आले, ती एकदा पळून निघाली होती आणि माझ्या केसांसाठी परत आली होती. किती माणूस मावलं होतं त्या एवढ्याशा देहात! मला जमिनीवर डोकं टेकावंसं वाटलं.

एव्हाना पाणी निवलं असणार म्हणून मी हंड्यात हात घातला. गरम होतं. मागे दुसरा हंडा तापत होता, त्यातलं पाणी वहिनी यात ओतत होती. तो गप्पमावशीने पहाटेच चढवून ठेवला होता. आईचं आयुष्य सांगायला वेळ लागणार हे तिला एकटीला ठाऊक होतं.

"शेवटचं राहिलं," ती म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. "त्या बाईच्या केसांच्या जटा झालेल्या. मी तेव्हा एकदाच तोंड उघडलं, म्हटलं, कापून टाकू, घरी लग्न आहे तुझ्या. तुझी आई ऐकेना. बोटांनी एकेक गुंता सोडवला. म्हणाली, बाई, आज माझ्या लेकीची वेणी घालायची होती. तिच्याजवळ घर भरून माणसं आहेत, तुझ्याजवळ कुणी नाही, म्हणून तिच्या वाटणीची तुला घालते. आणि घातली बघ. रडत होती, पण सैल घातली, तुला आवडायची तशी."

वहिनीने आईला कोरडं केलं, चादर उघडली, आणि मग तिने फणी माझ्यापुढे धरली.

आईचे केस आता मूठभरसुद्धा नव्हते. ओले, पांढरे, मऊ. मी मांडी घालून तिच्या डोक्याशी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि भांग पाडायला फणी टेकवली. तोंडातून शब्द आपोआप गेले, माझे नव्हतेच ते, रोज सकाळी शाळेत जाताना ती मला म्हणायची ते.

"हलू नकोस गं. वाकडा येईल."

भांग अगदी सरळ आला. मग मी वेणी घातली, सैल.