आदर कोणाविषयी?

ओसाकातल्या एका पंपांच्या कंपनीत सव्वीस वर्षं घासल्यावर कुवाबाराला तळघरातली बिनखिडकीची खोली मिळाली. काम काही नाही. नऊ ते सहा नुसतं बसायचं आणि कंटाळून एक दिवस आपणहून राजीनामा द्यायचा, एवढीच कंपनीची अपेक्षा. काढून टाकायला कायदा आडवा येत होता. माणूस स्वतः ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून, खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून गेला, की कंपनी हात झटकायला मोकळी. हे खोटं आपल्या हाताने लिहायचं नाही, एवढाच कुवाबाराचा हट्ट होता.

चौथ्या महिन्यात भिंती अंगावर यायला लागल्या आणि हट्ट ढिला पडला. राजीनाम्यासाठी कागद शोधताना कपाटात कंपनीच्या बंद पडलेल्या वाचनालयाचं एक पुस्तक सापडलं. तीनशे वर्षांपूर्वी सरदाराने घरात कोंडून ठेवलेल्या एका कारकुनाची रोजनिशी. ह्याच पुस्तकाने शाळेत जीव नकोसा केला होता. प्रत्येक ओळीतला आदरार्थी प्रत्यय ओळखायचा आणि ‘आदर कोणाविषयी?’ ह्याचं उत्तर ‘सरदारांविषयी’ असं लिहायचं. कुवाबाराला पैकीच्या पैकी मार्क पडत.

‘सरदारसाहेबांनी आज शिंकण्याची कृपा केली. आम्ही धन्य झालो.’

त्याने ओळ पुन्हा वाचली आणि एकटाच मोठ्याने हसला. सव्वीस वर्षं साहेबांपुढे तो हीच भाषा बोलत आला होता, त्याला कळायला वेळ लागला नाही. हा माणूस सरदाराची सालटी काढत होता, आणि मास्तर त्याला आदर म्हणत होते! एवढा खट्याळ माणूस इतकी वर्षं आपल्यापासून लपवला म्हणून त्याला मास्तरांचा खराखुरा राग आला.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे मनुष्यबळ विभागाचा मिनेगिशी आला.

“कुवाबारासान, झालं का लिहून?”

“झालं की. घ्या.”

मिनेगिशीने उभ्यानेच वाचलं. ‘कंपनीने मला बिनकामाचे बसवून ठेवण्याचे अपार कष्ट घेतले आहेत. अशी मर्जी सोडून जाण्याजोगे एकही वैयक्तिक कारण मज पामराला शोधूनही सापडले नाही.’ प्रत्येक प्रत्यय जागच्या जागी होता, बोट ठेवायला फट नव्हती. टेबलावरच्या पुस्तकाकडे नजर गेली आणि मिनेगिशीच्या ओठांचे कोपरे हलले.

“शाळेत ‘सरदारांविषयी’ लिहून मलाही पूर्ण मार्क मिळाले होते,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत बसला. “पुढे सुटतो का हो तो कारकून?”

“अजून निम्मं राहिलंय. का?”

“एक तारखेपासून मीही इथेच बसणार आहे. तुमचा शिक्का आणता आला नाही ना.”

कुवाबाराने खिशातला शिक्का चाचपला. “आणि आज मारून दिला तर?”

“तर सोमवारी मी दुसऱ्या कोणाचा तरी आणायला जाईन.” मिनेगिशीने खुर्ची पुढे ओढली. “नका मारू. वाचा तुम्ही.”

कुवाबाराने पुस्तक खुणेच्या पानावर उघडलं आणि तो मोठ्याने वाचायला लागला.