पंकजाच्या छातीतली फडफड आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायानं चालवायची. परभणीजवळच्या पिंगळीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घरात, पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत मी उभी असते. मित्रांनो, पूर्वी माझी जागा खिडकीत होती. आज तिथं दुसरी बसते.

कारखान्यात माझं बिडाचं अंग ओतलं गेलं, त्यावर काळा रंग चढला, सोनेरी वेलबुट्टी उमटली. परभणीच्या बाजारातून केशरबाईंनी मला सुनेसाठी आणलं. सून म्हणजे पंकजा. तिचा पाय पायडलवर पडला की माझं चाक गरगर फिरायचं. शाळेचे गणवेश, लग्नातले ब्लाउज, पोखर्णीच्या जत्रेला निघालेल्या बायांची झंपरं, सारं माझ्या सुईखालून गेलं. "पंकजाच्या हाताला अन् मशीनीला तोड न्हाई," असं बाया म्हणायच्या. त्यातलं 'मशीनीला' तेवढं मी जपून ठेवायचे.

मग गेल्या उन्हाळ्यात पंकजा शिवता शिवता मधेच थांबायला लागली. हात छातीवर ठेवून बसायची. दोरा ओवताना तिची बोटं थरथरायची. मला वाटलं, कंटाळली ही मला.

"काय व्हायलंय ग?" केशरबाईंनी विचारलं.

"छातीत पाखरू कोंडल्यावानी फडफड व्हायलीय, आत्याबाई. थांबती आपोआप."

"दिवसभर पाय मारल्यावर दुसरं काय व्हनार! ही मशीनच तुझ्या जिवावर उठलीय."

पंकजाचा नवरा शिवप्रसाद यालाही ते पटलं. त्यानं मोटारीवर चालणारी नवी मशीन आणली. पांढरी, हलकी, नाजूक. मला ढकलत या फटीत आणून सोडलं. पंकजा त्या पांढरीला मऊ फडक्यानं पुसायची, बाया तिचं कौतुक करायच्या, आणि मी इथून बघत जळायचे. माझ्या अंगावर गंज चढला तो दमट हवेनं की हेव्यानं, कुणास ठाऊक.

एक दिवस पांढरीपुढे बसलेल्या पंकजाचा हात पुन्हा छातीवर गेला. मला आधी आनंदच झाला. घ्या आता, त्या पांढरीवरही आळ! पण या वेळी फडफड थांबेना. पंकजाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कापडावर कोसळली. माझा आनंद तिथंच गोठला.

केशरबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती सावध झाली तशा त्या म्हणाल्या, "मशीन बदलली तरी फडफड तीच. म्हंजी मशीनीचं न्हाई हे. शिवा, गाडी बोलाव."

"सोमवारी जाऊ की, आई."

"सोमवार न्हाई अन् मंगळवार न्हाई. आत्ता!"

संध्याकाळी दवाखान्यातून परत आल्यावर पलंगावर बसून पंकजानं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी नाडी धरली, छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासायला घेतलं. वजन उतरलंय का, घाम फार येतो का, विचारलं. पंकजाच्या बांगड्या कधीच्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं.

दोन दिवसांनी कळलं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको इतकं काम करत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "चहा जास्त झाला, झोप कमी झाली, काळजी लागली, तर कधीमधी धडधडतं. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. पण पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तर दाखवून घ्यायचं. चक्कर, दम किंवा छातीत दुखणं सोबत आलं तर अजिबात थांबायचं नाही."

गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू फडफड गेली, अंग भरलं, दोरा पुन्हा एका झटक्यात ओवला जाऊ लागला. तोही त्या पांढरीच्या सुईत!

मग एका सकाळी केशरबाईंनी माझी धूळ झटकली, तेलाचे थेंब सोडले. "उगं तुझ्यावर आळ घेतला ग," म्हणाल्या. आता मला खिडकीत नेतील म्हणून मी आसुसले. त्यांनी माझ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कधीमधी तेल द्या. आणि अंगात काही फडफडलं तर घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर खुशाल आळ घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका.

माझं जळणं अजून सरलेलं नाही. समोर पंकजा त्या पांढरीवर वाकून शिवत असते. पंकजा तिथं धडधाकट बसलेली आहे, म्हणून तर मला हेवा करता येतो.