चार मिनिटं लवकर

सरांना पेनाचं टोपण कानात घालायची सवय होती. समोरचा बोलत असला की ते टोपण सावकाश फिरवायचे, बाहेर काढून निरखायचे, पँटीला पुसायचे आणि त्याच हाताने समोरच्याच्या कीबोर्डावर बोट ठेवून म्हणायचे, "हे बघ, इथं चुकतंयस." ते गेले की बाई कीबोर्ड स्पिरिटने पुसून काढायच्या. पण सर विभागप्रमुख होते, शिवाय बाईंचे मार्गदर्शक. मार्गदर्शकाच्या कानाबद्दल तक्रार करायची सोय कुठल्याच विद्यापीठात नसते.

बाईंना सगळे "बाई"च म्हणायचे. नऊ वर्षं त्यांनी शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवलं, आणि तेहतिसाव्या वर्षी कायमची नोकरी सोडून त्या खगोलशास्त्रात डॉक्टरेट करायला आल्या. बरोबरीची पोरं दहा-दहा वर्षांनी लहान. सुरुवातीला चर्चेत कुणी हात वर केला की बाईंच्या तोंडून आपसूक "हं, उभा राहून बोल" निघायचं आणि खोलीभर हशा पिकायचा. आता चौथं वर्ष चालू होतं आणि बाईंना ग्रह सापडला होता.

म्हणजे दिसला नव्हता. असे ग्रह दिसत नाहीत. दिव्यासमोरून माशी गेली की उजेड किंचित कमी होतो ना, तसा एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड टक्काभर उतरतो आणि तासा-दोन तासांनी पूर्ववत होतो. विभागाच्या गच्चीवरच्या जुन्या दुर्बिणीतून बाईंनी एका ताऱ्याचे हजारो फोटो घेतले होते, आणि चौदा रात्री तो उजेड असाच उतरला होता. सरांनी जाहीर करून टाकलं. शनिवारी शोधनिबंध पाठवायचा, बाईंचं नाव पहिलं. पुढच्या महिन्यात कुलगुरू घोषणा करणार. विभाग भौतिकशास्त्रात विलीन करायचं घाटत होतं, ते आता बारगळणार. एकट्या ग्रहावर एवढं ओझं.

गुरुवारी दुपारी बाई निबंधातला शेवटचा तक्ता भरत होत्या. उजेड सगळ्यात कमी कधी झाला, ती वेळ प्रत्येक रात्रीसाठी लिहायची. संगणक वेळ दिवसांच्या लांबलचक दशांशांत देतो, तो आकडा कुणी वाचत नाही. पण शाळेची सवय जात नव्हती. बाईंनी वहीवर साध्या घड्याळाची वेळ मांडली. दहा वाजून चाळीस. दुसऱ्या रात्री दहा छत्तीस. तिसऱ्या रात्री दहा बत्तीस. चौथ्या रात्री ढग होते. पाचव्या रात्री दहा चोवीस.

बाईंचा हात थांबला.

रोज चार मिनिटं लवकर. हे तर त्यांनी सहावीच्या पोरांना भिंतीवर खुणा करून शिकवलं होतं! पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकते, म्हणून कुठलाही तारा कालच्या जागी आज चार मिनिटं आधी येतो. तो आपल्या पृथ्वीचा हिशेब. शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाने आपल्या पृथ्वीच्या घड्याळाप्रमाणे का फिरावं? त्याला काय आमच्याकडे नोकरी होती?

बाईंनी कच्चे फोटो उघडले आणि दहा मिनिटांत चोर सापडला. दुर्बिणीतल्या रंगीत काचेवर धुळीचा एक कण होता आणि फोटोत त्याची बांगडीसारखी गोल सावली पडत होती. विभागाची पद्धत अशी, की तारा ठरावीक उंचीवर आला की त्याला फोटोच्या ठरावीक कोपऱ्यात धरायचं आणि काम सुरू करायचं. दुर्बिणीचा खांब जरा कलता, त्यामुळे तारा फोटोत हळूहळू सरकायचा आणि रोज बरोबर त्या बांगडीवरून जायचा. तारा रोज चार मिनिटं आधी त्या उंचीवर येणार, म्हणजे ग्रहही चार मिनिटं आधी. ग्रह कसला, केर!

आणि हा केर बाईंनीच राहू दिला होता. असली धूळ पकडायलाच दररोज संध्याकाळी, आकाश एकसारखं उजळ असताना, कोरे फोटो घ्यायचे असतात. कोऱ्या फोटोत सावली दिसते आणि मग ती हिशेबातून काढून टाकता येते. हे काम रोजचं आणि कंटाळवाणं. सर म्हणाले होते, "मार्चचे कोरे फोटो आहेत की. तेच वापर. काच काय रोज बदलते?" बाईंनी तेच वापरले. वर्गातल्या हवामानाच्या तक्त्यावर कुणी कालचं तापमान आज लिहिलं, तर त्याला अख्खा आठवडा तक्ता भरायला लावणाऱ्या बाईंनी! त्यांना स्वतःची किळस आली. दोन्ही हात साबणाने धुवावेत असं वाटलं आणि त्यांनी खरंच ते धुतले.

मग वही घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर खुर्चीत रेलून नखं कापत होते. तुकडे टेबलावरच्या प्रबंधावर पडत होते. बाईंनी वही पुढे केली. सरांनी वेळांवरून नजर फिरवली, नेलकटर खाली ठेवलं आणि टोपण उचललं.

"सर, हा ग्रह नाही. काचेवरची धूळ आहे."

"हं."

"रोज चार मिनिटं लवकर येतंय, सर."

"दिसतंय मला." टोपण कानात फिरलं. "पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं."

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अगं बाळ, तीस वर्षं काय मी गच्चीवर पापड वाळवतोय?" सर हसले. "म्हणून तर तुला सांगितलं, कालावधी 'सुमारे एक दिवस' असा लिही. दशांश कशाला हवेत?"

"पण सर, हे खोटं आहे!"

"खोटं कसं? उजेड कमी झाला की नाही झाला? झाला. आपण म्हणतोय काय, की ग्रह असण्याची शक्यता आहे. दोन वर्षांनी कुणी मोठ्या दुर्बिणीने बघेल, म्हणेल, ग्रह नाही. आपण म्हणू, अरेरे. विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं, बाळ. तोवर विभाग वाचलेला असेल आणि तू डॉक्टर झालेली असशील. कुणाचं काय गेलं?"

टोपण बाहेर आलं. सरांनी ते निरखलं, पँटीला पुसलं, पेनाला लावलं आणि लेखकांच्या संमतीपत्रासह पेन बाईंपुढे सरकवलं.

"कर सही."

टोपणाच्या टोकाला पिवळट चमक होती. बाईंनी हात मागे घेतला. पेनामुळे की माणसामुळे, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"मी नाही करणार."

"मग दुसरा करेल." सरांचा आवाज बदलला नाही, हेच जास्त वाईट होतं. "आणि कोरे फोटो कुणी घेतले नाहीत, ते मी अहवालात लिहीन. चार वर्षं, बाई. विचार कर. घरी काय सांगशील?"

घरी सांगायला ठेवलं होतं कुठे काही? घरी सासऱ्यांनी आधीच सगळीकडे सांगून टाकलं होतं. बाई जिना उतरतात तोच त्यांचा फोन.

"सूनबाई, तुझ्या ग्रहावर पाणी आहे का गं? खालचा दाढी करणारा विचारतोय."

"नाही, अण्णा."

"मी म्हटलं, असेल थोडंफार. न्हावी आहे, त्याला पाण्याची काळजी. बरं, नाव काय ठेवणार? माझं सुचवू नकोस हं, लोक हसतील."

"अण्णा, ग्रह नाहीच. धूळ होती. माझी चूक झाली."

मग अण्णा म्हणाले, "म्हणजे आता न्हाव्याला उलटं सांगायचं?"

"हो, अण्णा."

"अर्धीच दाढी झालीय माझी," अण्णा म्हणाले. "त्याच्या हातात वस्तरा आहे. उरलेली झाली की सांगतो."

बाईंना हसू आलं आणि हसताना डोळे भरले. त्या परत वर आल्या.

टेबलापाशी कॅलेंडर उभा होता. हा विभागातला सगळ्यात जुना विद्यार्थी. आठ वर्षं झाली तरी डॉक्टरेट नाही, त्याच्यासमोर आठ कॅलेंडरं बदलली म्हणून हे नाव. हुशार पोरगा. दुर्बिणीची मोटर बिघडली तर काय बिघडलंय ते आवाजावरून सांगायचा.

"बाई, सर म्हणाले, पहिलं नाव माझं घालतायत."

"तुला सांगितलं का धुळीचं?"

"धूळ काय, मी ती बांगडी एप्रिलमध्येच बघितली." तो बाईंकडे न बघता बोलत होता. "तुम्ही आता कुणाला कळवू नका. निदान माझा निबंध छापून येईपर्यंत. तुम्हाला शाळा आहे परत जायला. मला काय आहे? घरी धाकट्याचं लग्न होऊन त्याला मूल झालं. मी अजून विद्यार्थी."

"सही केलीस?"

"केली."

"कुठल्या पेनाने?"

त्याला प्रश्न कळला नाही. बाईंनी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि एकदम त्यांना त्याची किळस यायची थांबली. तिथं नुसती कीव उरली. ती तर जास्तच सलली, कारण किळस आली की माणसाला पाठ तरी फिरवता येते.

"बस," त्या म्हणाल्या. "मी लिहिते. तू वाच. कुठं चुकलं तर सांग."

त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. अमुक विभागाकडून असा निबंध येईल, त्यातला उजेडाचा उतार धुळीमुळे आहे. सोबत तीन कच्चे फोटो आणि वेळांचा तक्ता. रोजचे कोरे फोटो न घेण्याची चूक माझी. सरांचं म्हणणं, त्यांचं "दिसलं होतं", त्यांनी लिहिलं नाही, कारण त्याला पुरावा नव्हता. एक प्रत सरांना. कॅलेंडर शेवटपर्यंत वाचत राहिला. एका ठिकाणी तारखेत चूक होती, ती त्याने बोट ठेवून दाखवली. मग म्हणाला, "पाठवूच नका ना, बाई," आणि उठून गेला. बाईंनी पत्र पाठवलं.

दोन दिवस सर दिसले नाहीत. शनिवारी निबंध गेला नाही. सोमवारी दुपारी विभागाची साप्ताहिक बैठक होती. नेहमीची खोली, ओल्या सतरंजीचा वास, साय धरलेले चहाचे कप. बाईंनी मनाची तयारी केली होती. चूक अहवालात येईल, सर मार्गदर्शन नाकारतील, सामान आवरावं लागेल.

सर उठले. चेहरा प्रसन्न होता.

"आज मला आपल्या विभागाचा अभिमान वाटतो," ते म्हणाले. "एक मोठा शोध जाहीर करायच्या बेतात असताना आपणच आपली चूक पकडली आणि आपणच ती जगाला कळवली. कुलगुरूंशी बोललो मी. ते म्हणाले, असा प्रामाणिक विभाग बंद कसा करायचा? आणि ही आपली बाई. मी हिला पहिल्यापासून सांगत होतो, कोरे फोटो रोज घ्यायचे. राहिलं हिच्याकडून. पण शेवटी माझं ऐकलं, हे महत्त्वाचं. आता हिचा प्रबंध याच विषयावर, खोट्या ग्रहांवर."

टाळ्या पडल्या. सर चालत आले आणि आशीर्वाद द्यावा तसा त्यांनी हात बाईंच्या डोक्याकडे नेला. तोच हात.

बाईंनी मान काढून घेतली. हात हवेत राहिला आणि टाळ्या एकेक करून थांबल्या.

अख्खी डॉक्टरेट त्या हाताखाली होती. नुसतं मान खाली घालून बसलं की मिळाली असती. बाईंना ते माहीत होतं. त्यांना एवढंच कळत होतं, की ग्रह खोटा होता तो निघाला, पण हे आत्ता समोर उभं आहे ते त्याहून खोटं आहे, आणि यावर सही न करताही सही होते आहे.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तारीख सांगा."

"बस खाली, बाळ. नंतर बोलू."

"तारीख सांगा, सर. मला लिहून घ्यायची आहे."

वही उघडलेली, पेन हातात. मागच्या रांगेत कॅलेंडर मान खाली घालून बुटांकडे बघत होता. सरांनी टोपणासाठी खिसा चाचपला, मग हात तसाच काढून घेतला. पुढच्या ओळीतल्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीने आपली वही उघडली आणि तीही सरांकडे बघत थांबली.

वर्गात उत्तर येईपर्यंत उभं राहायची बाईंना नऊ वर्षांची सवय होती. त्या उभ्या राहिल्या.