दोन संत्र्यांच्या बदल्यात

मित्रांनो, मी सिंगापूरमधला एक जुना काँक्रीटचा बाजार आहे. ‘होतो’ म्हणायची वेळ जवळ आली आहे, म्हणून घाईने सांगतो.

महायुद्ध संपून पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मला बांधले. सहा मजले, मधोमध छतापर्यंत मोकळा चौक, अंगावर रंगाचा थेंब नाही. त्या उघड्या काँक्रीटचे केवढे कौतुक झाले! सिव इन तेव्हा तरुण होती. तिने तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्यासमोर गाळा घेतला आणि नवऱ्या मुलींचे कपडे शिवू लागली.

पुढे गारेगार, चकचकीत मॉल आले आणि माझे तेच काँक्रीट लोकांना कळकट दिसू लागले. मला पिस्ता रंग फासला. गाळ्यागणिक एक असे माझे मालक तीनशे, त्यामुळे वाली कुणीच नाही. सरकता जिना बंद पडला तेव्हा मालकांच्या समितीचा प्रमुख कोक हेंग म्हणाला, “विकायचंच आहे, तर दुरुस्ती कशाला?” नऊ वर्षे जिना बंद राहिला. सिव इनची म्हातारी गिऱ्हाइके यायची थांबली.

इथे ऐंशी टक्के मालकांनी सह्या केल्या की सगळी इमारत विकता येते, आणि घेणारा ती पाडून टाकतो. एक सही कमी पडत होती. सिव इन देत नव्हती.

चिनी नववर्षाला कोक हेंग आला आणि त्याने दोन्ही हातांनी दोन संत्री पुढे केली. बदल्यात दोन द्यायची असतात. पाहुण्याला रिकामे धाडत नाहीत. तिची टोपली रिकामी होती.

“अगं बाई! यंदा कुणी येईल असं वाटलंच नाही रे,” ती ओशाळली.

“राहू द्या हो आंटी. एक सही द्या, झालं!”

“सणासुदीला मेलं हेच सुचलं तुला?”

“मग काय, रिकाम्या हाताने पाठवताय मला?”

नऊ वर्षे भांडून न वाकलेली बाई लाजेने वाकली. तिने सही केली. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

आता रोज माणसे कॅमेरे घेऊन येतात. ‘केवढा हा वारसा!’ म्हणून हळहळतात. मला त्यांचा संताप येतो. काल एकजण सिव इनलाच म्हणाला, “आंटी, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय.” ती बाजूला सरकली. मशीनशेजारची ती दोन संत्री तिने अजून सोललेली नाहीत.

मित्रांनो, माझे फोटो काढू नका. तुमच्याकडे एखादा जिना बंद पडला असेल, तर तो आजच दुरुस्त करून घ्या. वर कुणीतरी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले असते.