जिनिंगमधलं कोर्ट

"शपथ घ्यायची वेळ आली तर आधी शील आठवायचं प्रभा, मंग तोंड उघडायचं," आई म्हणायची. केळापूरच्या एका भांडणात ती साक्षीला गेली होती, तेव्हापासून. मला कोर्टाची पायरी चढावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लागली, तीही टीव्हीवरच्या कोर्टाची.

पांढरकवड्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात मालिकेवाल्यांनी कोर्ट उभं केलं होतं. बाकांवर बसायला आमची सगळी वस्ती बोलावली आणि साक्षीदार म्हणून मला निवडलं. दारातून आत पाहिलं आणि पाय थबकले. जिथे सरकीचे ढीग असायचे तिथे न्यायाधीशांची उंच खुर्ची, आणि तिच्यावर वरून उतरलेला उजेड. मी नकळत चपला बाहेर काढल्या. मागून आलेल्या सगळ्यांनी काढल्या.

"कोर्टात चपला घालून बसतात हो," दिग्दर्शक हसून म्हणाले.

"न्यायाची जागा आहे ना साहेब," शेजारची साधना म्हणाली. "खोटी असली म्हणून काय झालं?"

मालिकेत दोन वकील. थोरले वकील झालेले भगवानराव, नावाजलेले नट. आणि त्यांची ज्युनिअर झालेली वर्षा, आपल्या मुकुटबनची. नागपूरच्या नाटकातून त्यांनीच तिला आणलं. शेवटच्या खटल्यातलं मोठं भाषण तुझंच, असा शब्दही दिला होता. पण लोक तिच्यासाठीच मालिका पाहू लागले, आणि त्या सकाळी संवादांचे कागद बदलून आले. आता माझ्या साक्षीनं तिनं पुरावा जाळल्याचं ठरणार, तिची सनद जाणार, आणि मालिकेतलं तिचं कामच संपणार होतं. हे भगवानरावांनी करवून घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू बोलून काहून नाही राह्यली?" मी तिला हळूच विचारलं.

"सरांनी मले इथवर आणलं, मावशी. त्यायच्या विरुद्ध कोन्या तोंडानं बोलू?" काळ्या कोटाची बाही ती उगाच सारखी करत राहिली. "तुम्ही तुमचं वाक्य बिनधास्त म्हणा. नाटकच तर आहे."

मी मान हलवली. नाटक आहे हे मलाही समजत होतं.

पिंजऱ्यात उभी राहिले. दिवे लागले. कारकून झालेला नट म्हणाला, "शपथ घ्या." वाक्य पाठ होतं. पण डोळे मिटले तशी आई ऐकू आली, आणि बुद्धविहारात म्हणते त्याच चालीत तोंडातून निघालं, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि."

मागे बाकं सरकली. रोज संध्याकाळी मी पुढे म्हणते, वस्ती मागून म्हणते, सवयच ती. सगळे उठले, हात जोडले, आणि पत्र्याच्या उंच छताखाली तेच शब्द माझ्याकडे परत आले, म्हाताऱ्यांच्या, बायांच्या, लेकरांच्या आवाजात. आमच्या लहानशा विहारात ते असे कधी ऐकू आले नव्हते. 'कट' कोणीच म्हटलं नाही.

आता भगवानरावांनी मला विचारायचं होतं, पुरावा यांनीच जाळला ना? ते पिंजऱ्याजवळ आले.

"काय म्हणालात बाई तुम्ही?"

"खोटं न बोलण्याचं शील घेतलं, साहेब. चुकलं माझं. कागदावरचं म्हणते आता."

"रोज घेता?"

"रोज."

"आणि मोडलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतो."

अजून कोणी खाली बसलं नव्हतं. ते त्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिले. वर्षाचेही हात जोडलेले होते, नजर जमिनीकडे.

"जेवून घ्या सगळे," शेवटी ते म्हणाले. मग दिग्दर्शकांकडे वळून, अगदी हळू, "आणि बदलण्याआधीचे कागद द्या मला."

वर्षा बाहेर निंबाखाली डबा घेऊन एकटीच बसली होती. भगवानरावांनी गळ्याची पांढरी पट्टी सोडली, दारातल्या आमच्या चपलांच्या ढिगातून जपून वाट काढली, आणि कागद छातीशी धरून ते निंबाकडे चालू लागले.